तिथी मोजणारे अतिथी

मंडळी, या शनिवार-रविवारचा विषय म्हणजे एक आकडा आहे. आकडा ९०.

अमेरिकन पासपोर्ट हातात असेल तर पॅरिस, रोम किंवा माद्रिदला जायला आधी व्हिसा काढावा लागत नाही. तिकीट काढायचं, बॅग भरायची, निघायचं. आपल्यासारखं बँकेची स्टेटमेंट्स, हॉटेलची बुकिंग्ज, ३०,००० युरोंचा विमा असं सगळं बाड घेऊन व्हिसा सेंटरच्या रांगेत उभं राहायची भानगड नाही. (जळफळाट होतो, पण असो.) मात्र तिथे उतरल्यावर एक मोजणी सुरू होते. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. आणि हे ९० दिवस दर देशाला वेगळे मिळत नाहीत. शेंगेन क्षेत्रातल्या २९ देशांत मिळून ९०. फ्रान्समध्ये ५० दिवस काढले, तर इटली, स्पेन, ग्रीस आणि बाकी सगळ्यांसाठी मिळून शिल्लक ४०!

दोन आठवड्यांत सात शहरं उरकणाऱ्या पर्यटकाला या नियमाचा पत्ताही लागत नाही. अडचण होते ती तात्पुरतं राहणाऱ्यांची. निवृत्त झाल्यावर एक वर्ष युरोपात काढू म्हणणारी जोडपी, सुट्टी घेऊन पुस्तक लिहायला आलेला प्राध्यापक, लॅपटॉपवर पोट असणारे, आणि प्रेमात पडलेले. ही माणसं धड पर्यटक नाहीत आणि धड रहिवासीही नाहीत. माझ्या कामात युरोपातल्या लोकांशी रोज बोलणं होतं, त्यात एक अमेरिकन आहे. त्याची होणारी बायको इटलीची. लग्न होईपर्यंत त्याचं आयुष्य एका एक्सेल शीटवर चाललंय. कुठल्या तारखेला आत, कुठल्या तारखेला बाहेर. एकदा बोलता बोलता म्हणाला, "माझे आजी-आजोबा साठच्या दशकात सलग दीड वर्ष युरोपात फिरत होते. त्यांना कुणी विचारलं नाही. नियम एवढा कडक कधी झाला?"

प्रश्न साधा वाटला, म्हणून शोधायला बसलो. आणि उत्तर जरा मजेशीर निघालं. नियमातला आकडा कडक झालेलाच नाहीये. आजी-आजोबांनाही तीन महिनेच होते! बदललं ते दुसरंच काहीतरी. ते काय, हे सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

पहिल्या महायुद्धाच्या आधी पश्चिम युरोपात फिरायला बहुतेक ठिकाणी पासपोर्टच लागत नसे. रशिया आणि ऑटोमन साम्राज्य हे ठळक अपवाद. रेल्वे आली, प्रवासी हजारोंनी वाढले, आणि प्रत्येकाचे कागद तपासत बसणं कुणाला परवडेना, त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही तपासणी जवळजवळ सुटूनच गेली होती. १९१४ साली युद्ध पेटलं आणि हेरांच्या भीतीने सगळ्यांनी दारं लावून घेतली. तात्पुरता उपाय म्हणून. युद्ध संपलं, तात्पुरता उपाय मात्र राहिला. (प्रोग्रॅमर मंडळींना हे ओळखीचं वाटेल. आपल्या कोडमधल्या 'तात्पुरत्या' ओळी अशाच दहा-दहा वर्षं जगतात.) १९२० साली राष्ट्रसंघाने पॅरिसमध्ये परिषद भरवली आणि पासपोर्टचा नमुना ठरवला. आज आपल्या कपाटात असते ती छोटी पुस्तिका त्या नमुन्याचीच वंशज.

म्हणजे विशीच्या दशकात पॅरिसच्या कॅफेत बसून कादंबऱ्या लिहिणारे अमेरिकन आपल्याला फार मोकळे वाटतात, पण त्यांना व्हिसा लागत होता. शिवाय १९२० साली अमेरिकेने परदेशी लोकांच्या व्हिसासाठी १० डॉलर फी लावली, आणि युरोपातल्या देशांनीही तशीच फी अमेरिकनांना लावून परतफेड केली. त्या काळात १० डॉलर ही चांगलीच रक्कम होती. तुम्ही आम्हाला जसे वागवाल तसे आम्ही तुम्हाला, हा व्हिसाच्या दुनियेतला सगळ्यात जुना नियम. तो पुढेही भेटणार आहे.

खरं दार उघडलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि त्यामागे पाहुणचारापेक्षा हिशोब जास्त होता. युरोप उद्ध्वस्त झाला होता. यंत्रं, धान्य, कोळसा, सगळं अमेरिकेतून आणायचं, आणि त्यासाठी लागणारे डॉलर कुणाकडेच नव्हते. अशा वेळी डॉलर खिशात घालून स्वतःच्या पायाने चालत येणारा माणूस म्हणजे अमेरिकन पर्यटक. त्याला कॉन्सुलेटच्या पायऱ्या कशाला चढायला लावायच्या? डेन्मार्कने १९४७ साली, इटलीने १९४८ साली, फ्रान्सने १९४९ साली अमेरिकेशी पत्रांची देवाणघेवाण करून व्हिसाची अट काढून टाकली. इतर देशांनीही तसेच करार केले. खुद्द मार्शल योजनेत अमेरिकनांचा युरोपप्रवास वाढवण्यासाठी वेगळा विभाग होता.

या करारांमध्ये मुदत साधारण एकच दिसते: तीन महिने. तीन महिन्यांच्या आत असाल तर पाहुणे. त्याच्या पुढे राहायचं तर तुम्ही रहिवासी, मग पोलिसांत नोंद करा, परवाना घ्या. १९५७ साली युरोप परिषदेच्या सदस्य देशांनी आपसांतल्या प्रवासाचा करार केला, त्यातही तीनच महिने. पाहुणा किती दिवसांचा, हा प्रश्न आपल्याकडेही आहेच. तिसऱ्या दिवशी राहील त्याची अक्कल गेली, असं आपली म्हण सांगते. युरोपने तीन दिवसांऐवजी तीन महिने धरले एवढंच.

आता गंमत बघा. हे करार दोन-दोन देशांमधले होते. फ्रान्सने दिलेले तीन महिने फ्रान्सपुरते. इटलीचे इटलीपुरते. स्पेनचे स्पेनपुरते. जानेवारी ते मार्च पॅरिस, एप्रिल ते जून रोम, जुलै ते सप्टेंबर ग्रीसची बेटं, मग हिवाळ्याला स्पेन. वर्ष संपलं, एकही नियम मोडला नाही, एकही व्हिसा काढला नाही. इतकंच कशाला, बऱ्याच ठिकाणी सीमा ओलांडून शेजारच्या देशात एक चक्कर मारली आणि परत आलं की नवीन शिक्का, नवीन तीन महिने. १९५७ साली आर्थर फ्रॉमर यांचं रोज ५ डॉलरमध्ये युरोप फिरायला शिकवणारं पुस्तक आलं, १९५९ साली युरेल पास आला, आणि पाठीवर सॅक टाकून महिनोन् महिने फिरणाऱ्या अमेरिकनांची एक पिढीच तयार झाली. आमच्या सहकाऱ्याचे आजी-आजोबा यातलेच.

उत्तरेला मात्र तेव्हाच एक वेगळा प्रयोग चालू होता. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे आणि फिनलंड यांनी १९५७ साली करार करून १९५८ च्या मे महिन्यापासून आपसांतली पासपोर्ट तपासणी बंद केली. आइसलँड १९६६ साली आलं. आता चार घरांनी मधल्या भिंती पाडल्या, तर पाहुणा कुणाच्या घरी किती दिवस राहिला हे कसं कळणार? कळणारच नाही. मग सगळ्यांचे दिवस एकत्र मोजायचे! हा विचार छोटा दिसतो, पण पुढची सगळी कहाणी त्यातच आहे. १९६० साली बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांनीही माणसांची तपासणी आपल्या बाहेरच्या सीमेवर नेण्याचा करार केला.

आणि मग आलं १९८४. फेब्रुवारी महिन्यात इटलीच्या सीमेवरच्या कस्टम्सवाल्यांनी काम मंदावलं, ट्रकच्या रांगा लागल्या, आणि वैतागलेल्या ट्रकवाल्यांनी फ्रान्समधले रस्ते अडवले. रस्त्यावर अडकलेल्या ट्रकच्या रांगांनी जे केलं ते वर्षानुवर्षांच्या बैठकांनी झालं नव्हतं. त्याच वर्षी १३ जुलैला फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी यांनी सारब्रुकेन इथे आपसांतली तपासणी कमी करण्याचा करार केला. पुढच्या वर्षी, १४ जून १९८५ रोजी, बेनेलक्सचे तीन देश मिळून पाच जणांनी सह्या केल्या. जागा लक्झेंबर्गमधलं शेंगेन नावाचं छोटंसं गाव, मोझेल नदीच्या काठी, जिथे फ्रान्स, जर्मनी आणि लक्झेंबर्ग एकमेकांना भेटतात. सह्या झाल्या त्या 'प्रिन्सेस मारी-अस्त्रिद' नावाच्या बोटीवर.

समारंभ फार मोठा नव्हता. राष्ट्रप्रमुख आले नव्हते, राज्यमंत्री वगैरे पातळीचे लोक होते. युरोपीय समुदायात तेव्हा १० देश होते, त्यातले निम्मे यात नव्हतेच. करारातली कलमंसुद्धा अगदी घरगुती होती. गाडीच्या काचेवर हिरवी गोल चकती लावा, सीमेवर वेग कमी करा, पोलीस नुसती नजर टाकतील, थांबायची गरज नाही. यातून पुढे निम्मं जग मोजदाद करायला लागेल असं त्या बोटीवर कुणाच्या मनात आलं असेल असं वाटत नाही.

खरी यंत्रणा ठरली ती १९ जून १९९० रोजी शेंगेनलाच सही झालेल्या अंमलबजावणीच्या करारात. त्यातलं २० वं कलम आपल्या कामाचं. ज्या परदेशी माणसाला व्हिसा लागत नाही, तो पहिल्या प्रवेशापासूनच्या सहा महिन्यांत जास्तीत जास्त तीन महिने या देशांमध्ये मोकळेपणाने फिरू शकेल. "या देशांमध्ये." अनेकवचन! इथे तो जुना हिशोब बदलला. आधी दर देशाला तीन महिने होते, आता सगळ्यांना मिळून तीन.

लक्षात घ्या, अमेरिकनांचे दिवस कमी करा असं कुणी ठरवलेलं नव्हतं. भिंती पाडल्या त्या युरोपियनांच्या सोयीसाठी. पण मधल्या भिंती गेल्यावर तुम्ही कुठल्या खोलीत किती दिवस होतात हे सांगणारी नोंदच उरत नाही. उरते ती फक्त बाहेरच्या दाराची नोंद. म्हणून मोजमापही बाहेरच्या दारालाच. युरोपियनाला जे स्वातंत्र्य मिळालं, त्याच्यातूनच अमेरिकनाचं एक जुनं स्वातंत्र्य गेलं.

हा करार प्रत्यक्षात यायला २६ मार्च १९९५ उजाडला. उशिराच्या कारणांमध्ये एक कारण असं आहे की वाचून मला अगदी घरच्यासारखं वाटलं: कॉम्प्युटर सिस्टीम तयार नव्हती. सगळ्या देशांच्या पोलिसांना एकत्र माहिती देणारी शेंगेन माहिती यंत्रणा स्ट्रासबर्गला उभी राहत होती, आणि ती चालेपर्यंत सीमा उघडायच्या नव्हत्या. तारखा पडत गेल्या. शेवटी सात देशांनी सुरुवात केली, मूळचे पाच आणि स्पेन, पोर्तुगाल.

त्यानंतर अंगण वाढतच गेलं. १९९७-९८ मध्ये इटली आणि ऑस्ट्रिया, २००० साली ग्रीस, २००१ साली उत्तरेचे पाचही देश. २१ डिसेंबर २००७ रोजी पोलंड, चेक प्रजासत्ताक, हंगेरी असे एकदम नऊ देश. २००८ साली स्वित्झर्लंड, २०११ साली लिश्टेनस्टाइन, २०२३ च्या १ जानेवारीला क्रोएशिया. बल्गेरिया आणि रोमानिया विमानतळ आणि बंदरांपुरते मार्च २०२४ मध्ये आणि रस्त्यानेही १ जानेवारी २०२५ पासून. प्रत्येक नवा देश आत आला की युरोपियनांचं जग मोठं होत होतं आणि बाहेरून येऊन राहणाऱ्याला "चला, तीन महिने तिकडे काढू" म्हणायची एक जागा कमी होत होती. १९९५ साली सात देशांत ९० दिवस होते, आता २९ देशांत ९०.

आता या मोजणीतली एक गोष्ट सांगतो, इंजिनीअर लोकांना आवडेल अशी. २० व्या कलमात "पहिल्या प्रवेशापासून सहा महिने" असं लिहिलं होतं. पण पहिला प्रवेश म्हणजे नेमका कुठला? एका रोमानियन नागरिकाचं प्रकरण फ्रान्समधून लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात गेलं (तेव्हा रोमानिया युरोपीय संघाच्या बाहेर होता) आणि ३ ऑक्टोबर २००६ रोजी निकाल लागला. न्यायालय म्हणालं, पहिल्या प्रवेशापासून सहा महिने संपले, की त्यानंतरचा जो प्रवेश असेल तो पुन्हा "पहिला प्रवेश". तिथून नवे सहा महिने, नवे तीन महिने.

झालं! कुठल्याही टेस्टरला दिसेल असं भोक पडलं. १ जानेवारीला एक दिवस आत या, बाहेर जा. ३ एप्रिलला परत या, ३० जूनपर्यंत राहा. हे ८९ दिवस, आधीचा एक मिळून ९०. बाहेर पडा आणि १ जुलैला पुन्हा आत या. सहा महिने संपलेत, नवा डाव. आता २८ सप्टेंबरपर्यंत राहा. म्हणजे मध्ये एकदा दाराबाहेर पाय टाकून जवळजवळ सहा महिने सलग! न्यायालयालाही हे दिसत होतं. पण शब्दांचा अर्थ हाच होतो, बदलायचा तर कायदा करणाऱ्यांनी बदलावा, असा त्यांचा सूर होता.

कायदा करणाऱ्यांनी तो बदलला. २०१३ च्या जूनमध्ये मंजूर झालेला नवा नियम १८ ऑक्टोबर २०१३ पासून लागू झाला. "तीन महिने" गेले आणि "९० दिवस" आले (महिने २८ चे, ३० चे, ३१ चे, तो गोंधळ गेला). आणि "पहिला प्रवेश" ही कल्पनाच काढून टाकली. आता रोज नव्याने मोजायचं. आज मी इथे आहे ना? मग आजचा दिवस धरून मागचे १८० दिवस बघा. त्यात मी किती दिवस इथे होतो? ९० किंवा कमी असतील तर ठीक. उद्या खिडकी एक दिवस पुढे सरकते, मागचा एक दिवस गळतो, नवीन एक आत येतो. प्रोग्रॅमर याला सरकती खिडकी म्हणतात, इंटरव्ह्यूमधला आवडता प्रश्न!

उदाहरण घेऊ. लीप वर्ष नाही असं समजा. १ जानेवारीला आत, ३१ मार्चला बाहेर. बरोबर ९० दिवस. (येण्याचा आणि जाण्याचा दिवस दोन्ही पूर्ण धरतात. रात्री पावणेबाराला पोचलात तरी तो दिवस गेला.) आता परत कधी येता येईल? ३० जूनला. कारण त्या दिवशी १ जानेवारी खिडकीतून बाहेर पडतो. मग रोज एक जुना दिवस गळतो, रोज एक नवा भरतो, आणि २७ सप्टेंबरपर्यंत राहता येतं. सलग तीन महिने आणि मध्ये सलग तीन महिने बाहेर, हे सोपं. पण दहा दिवस इकडे, तीन आठवडे तिकडे असं तुकड्या-तुकड्यांत राहणाऱ्याला हा हिशोब तोंडी जमणं अशक्यच. युरोपीय आयोगाने स्वतः त्यासाठी कॅल्क्युलेटर काढलाय, यावरून काय ते समजा.

मग नियम होता, तरी इतकी वर्षं लोक राहत कसे होते? कारण मोजणारे होते शाईचे शिक्के. सगळ्या प्रवाशांच्या पासपोर्टवर न चुकता शिक्का मारायचा, हा स्पष्ट नियमच मुळी २००५ पासूनचा. त्यानंतरही पुसट शिक्के, आडवे-तिडवे शिक्के, एकावर एक शिक्के, आणि मागे विमान पकडायला निघालेली रांग. बोटांवर दिवस मोजत बसायला इमिग्रेशनच्या माणसाला वेळ कुठे? काही ठिकाणी दंड होई, काही ठिकाणी प्रवेशबंदी, आणि पुष्कळदा काहीच नाही.

हा ढिलेपणा आता संपतोय. १२ ऑक्टोबर २०२५ पासून प्रवेश-निर्गमन यंत्रणा सुरू झाली. चेहऱ्याचा फोटो, चार बोटांचे ठसे, तारीख, वेळ, सगळं मध्यवर्ती संगणकात. सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने सगळ्या सीमांवर बसवायची, अशी आखणी होती. कायदा २०१७ चा, पण यंत्रणा यायला आठ वर्षं लागली. २०२२ म्हणाले, २०२३ म्हणाले, १० नोव्हेंबर २०२४ अशी पक्की तारीख दिली, तीही ऐनवेळी पुढे ढकलली, कारण जर्मनी, फ्रान्स आणि नेदरलँड्सची तयारी नव्हती. १९९५ ची आठवण येते की नाही? पण आली एकदाची. आणि कॉम्प्युटर पुसट शिक्क्याकडे काणाडोळा करत नाही. ९१ वा दिवस त्याला ९१ वाच दिसतो.

म्हणजे सहकाऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर असं: आकडा साधारण ८० वर्षं तोच आहे. आधी तो ज्यावर लावायचा ते अंगण वाढलं, आणि मग मोजणी पक्की झाली. नियमाचा शब्द न बदलता नियम कितीतरी कडक होऊ शकतो, तो असा.

जुन्या भिंतींचे काही अवशेष मात्र राहिलेत. १९९० च्या त्याच २० व्या कलमात दुसरं एक वाक्य आहे: आधीपासूनचे दोन देशांमधले करार असतील तर तो देश आपल्यापुरती मुदत वाढवू शकतो. त्यामुळे डेन्मार्कचा १९४७ चा आणि पोलंडचा १९९१ चा अमेरिकेशी झालेला करार अजून जिवंत आहे. इतर शेंगेन देशांत ९० दिवस संपवून आलेला अमेरिकन, त्या करारांच्या अटी पाळून, पोलंडमध्ये आणखी राहू शकतो. डॉलरच्या टंचाईत लिहिलेली पत्रं आज लॅपटॉपवाल्यांच्या कामी येतायत!

बाकीच्यांचे मार्ग ठरलेले. ९० दिवस झाले की अल्बानियाला जायचं, जिथे अमेरिकनांना वर्षभर राहता येतं, किंवा जॉर्जियाला, किंवा ब्रिटनला, जिथे सहा महिने मिळतात. नाहीतर सरळ कुठल्या तरी एका देशाचा राहण्याचा परवाना काढायचा. परवान्यावर राहिलेले दिवस ९० मध्ये धरत नाहीत. जर्मनीत अमेरिकनांना व्हिसाशिवाय येऊन तिथेच अर्ज करता येतो. नेदरलँड्समध्ये १९५६ च्या मैत्री कराराखाली छोटा व्यवसाय काढून राहता येतं. आणि करोनानंतर क्रोएशिया, पोर्तुगाल, स्पेन, इटली यांनी लॅपटॉपवर काम करणाऱ्यांसाठी वेगळे व्हिसा काढले.

पण हे सगळे मार्ग एका देशाचे. ज्याला चार महिने इटली आणि चार महिने फ्रान्स असं राहायचंय, त्याच्यासाठी अजून खिडकीच नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये युरोपीय आयोगाने नेमका असा फिरता व्हिसा सुचवला होता. एका देशात ९० दिवसांपेक्षा जास्त नाही, पण सगळे मिळून वर्षभर. सर्कसवाले, नाटकवाले, गायक, जे गावोगाव दौरे करतात, त्यांचा विचार त्यात होता. म्हणजे साठच्या दशकातली सोयच नव्या रूपात. सदस्य देशांच्या गळी ते उतरलं नाही आणि २०१८ साली प्रस्ताव मागे घेतला गेला. मला या सगळ्या इतिहासातली हीच जागा चुटपुट लावून गेली. भिंती पाडताना जे नकळत गेलं होतं, ते परत द्यायची संधी समोर आली होती, आणि त्या वेळी मात्र ते जाणूनबुजून नाकारलं गेलं.

यात फक्त अमेरिकन नाहीत. ब्रेक्झिटनंतर, १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटिशही याच रांगेत आले. स्पेनमध्ये स्वतःचं घर आहे, वीजबिल भरताय, आणि तरी वर्षातले निम्मेच दिवस राहू शकता. फ्रान्समध्ये अशा ब्रिटिश घरमालकांना सूट द्यायचं कलम एका कायद्यात घातलं होतं, तिथल्या घटना परिषदेने ते जानेवारी २०२४ मध्ये काढून टाकलं.

आणि आपण? आपल्याला तर व्हिसाही लागतो आणि वर हीच ९०-१८० ची खिडकीही लागू. पुण्याहून जर्मनीला कामासाठी जाऊन-येऊन असलेल्या कितीतरी जणांनी हा हिशोब केलाय. २०२४ च्या एप्रिलपासून भारतीयांना दोन आणि मग पाच वर्षांचे व्हिसा मिळायची सोय झाली, पण पाच वर्षांच्या व्हिसावरही १८० त ९० च. निदान या एका बाबतीत इमिग्रेशनच्या काउंटरवर आपण आणि अमेरिकन सारखेच. त्याला हे नवीन आहे आणि आपल्याला सवय आहे, एवढाच फरक.

दिलेलं परत घेता येतं, हेही विसरायला नको. सप्टेंबर १९८६ मध्ये पॅरिसमध्ये बॉम्बस्फोट झाले तेव्हा फ्रान्सने युरोपीय समुदाय आणि स्वित्झर्लंड सोडून सगळ्यांना व्हिसा लावला, अमेरिकनांनासुद्धा. तो १९८९ साली निघाला, जेव्हा अमेरिकेनेही फ्रेंचांना व्हिसामाफी दिली. मुदत? ९० दिवस! आणि मार्च २०१७ मध्ये युरोपीय संसदेने ठराव केला की अमेरिका पोलंड, क्रोएशिया वगैरे पाच देशांच्या नागरिकांना व्हिसा मागत असेल तर अमेरिकनांनाही लावा. लावला नाही, पण म्हणून दाखवलं.

शाळेत आम्हाला सांगितलं होतं की अतिथी म्हणजे ज्याला तिथी नाही तो, कधीही येणारा. व्युत्पत्ती खरी-खोटी देव जाणे. युरोपातल्या पाहुण्याला मात्र तिथीशिवाय दुसरं काही नाही. मला त्यात युरोपचा दुष्टपणा दिसत नाही. २९ देशांना एक दार ठेवायचं तर कुठेतरी मोजावं लागणार. पण पाहुणा आणि रहिवासी यांच्या मध्ये राहणारी माणसं पूर्वीही होती आणि आता तर जास्तच आहेत. १९४७ च्या करारांत ती सामावत होती, कारण मोजणारे हात अनेक होते आणि थोडे ढिले होते. आता हात एक आहे आणि तो संगणकाचा आहे. त्याला शिकवायचं काय, हे अजून माणसांच्याच हातात आहे.

असो. फार लांबलं. तुमच्यापैकी कुणी ही ९० दिवसांची आकडेमोड स्वतः केली असेल तर जरूर कळवा. पुढच्या शनिवारी भेटू.